छापलेला टाका

नोव्हेंबर लागला की लहेरीपुरा दरवाज्याच्या आसपास, मंगळबाजारात ब्लँकेटांचे ढीग लागतात. वडोदऱ्यात खरी थंडी पडते ती थोडेच दिवस, पण खरेदीचा उत्साह सगळं गाव काश्मीरला निघाल्यासारखा. यंदा त्या ढिगांत एक नवाच माल दिसला. पॉलिएस्टरचं, लव असलेलं गुबगुबीत ब्लँकेट आणि त्यावर चक्क गोधडी छापलेली. लाल, निळे, हळदी चौकोन, मधेच एखादा चौकडीचा, एखादा बुट्ट्यांचा, कडेने इरकलीचा काठ, आणि या सगळ्यावरून पांढऱ्या धावदोऱ्याच्या ओळी. टाकेसुद्धा छापलेले. शेजारी उभ्या एका काकूंनी "अगं बाई, अगदी आजीच्या गोधडीसारखं!" म्हणत दोन बाजूला काढली. बायकांकडून गोधड्या शिवून घेणं हे माझं काम, त्यामुळे मी त्या टाक्यांवरून बोट फिरवत होते; ते बघून दुकानदार म्हणाला, "बेन, धोशो तोय टांको नहीं निकळे." धुतलं तरी टाका निघणार नाही, ही गॅरंटी अगदी खरी होती.

बोट मात्र एका जागी अडलं. हळदी आणि निळ्या चौकोनाच्या कोपऱ्यावर एक टाका इतरांपेक्षा दुप्पट लांब आणि जरासा तिरका पडला होता. हातभर पुढे पुन्हा तोच कोपरा, तोच टाका. आणखी हातभर पुढे पुन्हा. म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी घरची खरी गोधडी स्कॅन केली होती, तिचा एक तुकडा जोडून जोडून अख्खं ब्लँकेट भरलं होतं, आणि शिवणाऱ्या बाईचा तो एक चुकार टाका आता गठ्ठ्यांनी विकायला होता. ब्लँकेट वाईट होतं असं म्हणवत नाही. ऊब आहे, हलकं आहे, मशीनमध्ये जातं, आणि किंमत अशी की हाताने शिवणाऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. खटकत राहिला तो टाका.

कारण तो तिथे लांब का पडला, हे शिवणाऱ्या हाताला लगेच कळतं. चार चौकोनांचे कोपरे जिथे एकत्र येतात तिथे शिवणीच्या आतले दाब, म्हणजे शिवणीत गेलेल्या कापडाच्या कडा, एकमेकांवर बसतात. दोन्ही ओळींतल्या शिवणी एकाच बाजूला दाबल्या असतील तर त्या चिमूटभर जागेत एकट्या वरच्या थराचेच नऊ पदर साचतात. खालचे थर वेगळे. सपाट जागी सुईवर तीन-चार टाके एका दमात भरता येतात, तिथे सुई आत शिरते पण वर येत नाही. मग एक तर सुई उभी धरून एकेक टाका वरखाली काढायचा, नाहीतर त्या गाठीवरून उडी मारायची. त्या बाईने उडी मारली. इलाज साधा आहे: एका ओळीतल्या शिवणी डावीकडे दाबायच्या, पुढच्या ओळीतल्या उजवीकडे. कोपरे एकमेकांत बसतात आणि जाडी विभागली जाते. पण जी गोधडी मुलांना पांघरायला शिवली, तिच्यासाठी इस्त्री तापवून कोण बसलंय? उडी मारणं त्या वेळी शहाणपणाचंच असेल.

गोधडीत जे जे वाकडं दिसतं त्यातल्या बहुतेकांना असं कारण असतं.

चौकोनांचंच घ्या. पाच इंची चौकोन आडवे १२ आणि उभे १८ लावले की ६० बाय ९० इंचांची एकट्याची गोधडी होते. एकूण २१६ तुकडे. प्रत्येक तुकडा साडेपाच इंचांचा कापायचा, कारण चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातो. आता शिवताना अर्धा सूत जास्त आत गेलं, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, तर डोळ्याला काही दिसत नाही. पण ते दोन्ही तुकड्यांतून जातं, आणि १२ चौकोनांच्या ओळीत शिवणी असतात ११. ओळीच्या शेवटी जवळजवळ दीड इंच गायब. गंमत अशी की सगळ्या ओळी त्याच हाताने शिवल्या असतील तर काहीच बिघडत नाही, गोधडी दीड इंच अरुंद होते, एवढंच. घोटाळा होतो तो दोन हातांच्या ओळी एकत्र आल्या की. एक ओळ पुरी ६० इंच, दुसरी साडेअठ्ठावन्न. मग छोटीला ताणून मोठीशी जुळवतात, ताण धुण्यात सुटतो, आणि गोधडीच्या पोटात फुगा येतो. म्हणून चार बायकांमध्ये काम वाटून देताना चौकोन वाटू नयेत. अख्खी गोधडी एकीकडेच द्यावी, मग तिचं पाव इंच आपल्या पाव इंचाशी जुळो न जुळो.

पण हे सगळं नंतरचं. आधी साड्या. गोधडीचं डिझाइन म्हणजे कागदावर काढलेले चौकोन, असं जे शिकून बाहेर पडतात त्यांना पहिला धक्का साड्यांच्या गाठोड्याशी बसतो. भांडी देऊन जुने कपडे नेणाऱ्या बोहारणींकडून येणारा माल असो, नाहीतर दांडिया बाजारातल्या एखाद्या वाड्यात ट्रंका रिकाम्या करताना निघालेल्या साड्या असोत, निवडायचं सूत्र तेच. साडी उघडायची आणि खिडकीशी धरायची. सुती साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. कमरेला खोचला जाणारा पट्टा, निऱ्यांच्या खालची कड आणि डाव्या खांद्यावर पिन बसते ती जागा आधी जाते. उजेड तिथून चाळणीसारखा येतो. सगळ्यात आतला वेढा, जो कुणाला दिसत नाही, तो मात्र पुष्कळदा ठणठणीत असतो. डोळ्यांनी ठरत नसेल तर दोन अंगठे जवळ ठेवून कापड हलकेच बाहेर लोटायचं. धाग्यांमध्ये फट पडून ती तशीच राहिली तर कापड विरलंय. विरलेलं कापड फेकायचं नाही, मधल्या थरात घालायचं; ऊब तेच देतं. छाप सुंदर आहे म्हणून ते वर घ्यायचा मोह मात्र आवरायचा. टाक्यांच्या दोन ओळींमध्ये ते ताणलेलं राहतं, त्याच्यात लवायची ताकद उरलेली नसते, आणि पहिल्याच धुण्यात ओळीला समांतर चिरतं.

साडीचा फॉल उसवणं हे कंटाळवाणं काम, पण त्यात एक बक्षीस असतं. फॉलखाली साधारण पाच इंचांची पट्टी निघते, जिच्या आतल्या बाजूने ऊन पाहिलेलं नसतं. वर साडी फिकट जांभळी झालेली आणि या पट्टीवर जांभळाचा खरा रंग. एकाच साडीतले हे दोन रंग शेजारी शेजारी लावले की जी छटा मिळते ती बाजारात कापड घेऊन जुळवायची म्हटली तर दिवस जातो. पट्टीच्या कडेने जुन्या शिलाईच्या भोकांची एक रांग दिसते, ती कापड ओलं करून नखाने घासलं की बरीचशी मिटते. उरली तर उरू द्यावी. मला ती रांग आवडते, पण गिऱ्हाइकाला ती दोष वाटते, तेव्हा शक्यतो शिवणीत जाईल अशी कापायची.

धुणं म्हणजे नुसतं स्वच्छ करणं नाही. खळ राहिली तर कसर लागते, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, चोळून खळ पूर्ण काढायची. मग रंगाची परीक्षा. पांढरा ओला फडका साडीवर ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची; लाल, मरून आणि गडद निळे लगेच पकडले जातात. इथे हमखास कुणीतरी सांगतं, "मिठाच्या पाण्यात टाका, रंग पक्का होतो." मीठ रंगवण्याच्या वेळी रंग कापडात शिरायला मदत करतं. एकदा रंगवून झालेल्या कापडातला सुटणारा रंग धरून ठेवणं त्याच्याकडून होत नाही. सुटा रंग गरम पाण्यात साबणाने पुन्हा पुन्हा धुऊन काढावाच लागतो, आणि चौथ्या-पाचव्या पाण्यालाही लाल येत असेल तर त्या साडीला नमस्कार करून बाजूला ठेवायचं. एक लाल चौकोन शेजारच्या आठ चौकोनांना गुलाबी करू शकतो.

खालच्या बाजूला नवं मांजरपाट लावायचं असेल तर ते आधी दोनदा धुवायचं. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात तीन ते पाच टक्के आटतं. ९० इंचात चार टक्के म्हणजे साडेतीन इंचांहून जास्त. वरच्या जुन्या साड्या आटून कधीच मोकळ्या झालेल्या असतात, त्या आता हलत नाहीत. खालचं आटतं, वरचं आटत नाही, आणि गोधडीभर चुण्या उठतात. अशा चुण्या काही जणांना फार भावतात, "किती जुनी दिसते!" म्हणतात. थोड्या असतील तर दिसतातही छान. पण चुणीच्या शिखरावर कापड आधी घासलं जातं, हेही लक्षात ठेवावं. जॉर्जेट किंवा पॉलिएस्टर सुतीबरोबर घालू नये. ते सरकतं, घडी धरत नाही आणि सुतीच्या इस्त्रीला आक्रसतं. जुनं रेशीम घडीवर चिरतं. खरी जरी असेल तर काठ काढून जरीवाल्याला विकावा, गोधडीत ती टोचते आणि काळी पडते.

आता थर. वडोदऱ्याच्या हवेला चार थर पुरतात: वर तुकड्यांचं, मधे दोन विरलेल्या साड्या, खाली घट्ट अस्तर. वजन साधारण दीड किलो. पिंजलेला कापूस घातला तर ऊब जास्त, पण मग टाक्यांच्या ओळी जवळ जवळ हव्यात. ओळींत वीतभर अंतर ठेवलं तर दोनचार धुण्यांत कापूस सुटून गोळे होतात आणि मधे नुसत्या कापडाच्या रिकाम्या जागा राहतात. साड्यांच्या थराला हा धोका नाही, म्हणून तिथे ओळींचं अंतर हाताच्या मर्जीवर सोडता येतं. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला ठेवायचा. आतला आणि खालचा थर वरच्यापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार इंच मोठा कापायचा, कारण टाके घालताना गोधडी आत ओढली जाते. प्रत्येक टाका कणभर कापड गिळतो, आणि असे कण पुष्कळ होतात.

फरशी पुसून अस्तर उलटं अंथरायचं, कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे, डबे, जे असेल ते ठेवायचं आणि ताणायचं, पण तबल्यासारखं नाही. जास्त ताणलं तर वजन काढल्यावर तेच मागे सरकून वरच्या थराला चुण्या पाडतं. मग वीत-वीत अंतरावर कच्चे टाके, मधून सुरू करून कडेला. सुरकुती हाताने बाहेर लोटत न्यायची. कडेकडून आत आलं की सगळा झोळ मध्यावर जमतो आणि तिथे त्याला जायला जागा नसते. हा नियम मी ब्रह्मवाक्य समजत होते, ते उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, पाहीपर्यंत. त्या नेमकं उलटं करतात. कडेपासून सुरू करून गोल गोल आत जातात आणि कच्चा टाका घालतच नाहीत. तरी फुगा येत नाही, याचं कारण त्या वरचा थर आधी जोडून घेत नाहीत. टाका पुढे सरकेल तसा पुढचा तुकडा ठेवतात, कड दुमडतात आणि शिवतात. जमलेला झोळ पुढच्या तुकड्याखाली दुमडून जातो. शेवटी चार कोपऱ्यांना तिकोनी घड्यांचं फूल लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही.

सुई आणि दोऱ्याबद्दल लोक फार कमी विचारतात, खरं दुखणं तिथेच असतं. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक आणि आखूड. चार थरांना सात किंवा आठ नंबर बरा. दोरा सुती, कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचा, फार तर थोडा जास्त. लांब दोरा ओवून वेळ वाचतो असं वाटतं, पण प्रत्येक टाक्याला तो सगळा दोरा कापडातून घासत जातो. शेवटाला पोचेपर्यंत त्याची लव निघून तो अर्धा झालेला असतो. रिळावरून जे टोक आधी सुटतं तेच सुईत ओवायचं, म्हणजे पिळाच्या दिशेने शिवलं जातं आणि गुंता कमी. पावसाळ्यात दमट हवेत दोरा जड चालतो, तेव्हा मेणावरून ओढून घ्यायचा. पण भरतकामाच्या लच्छीला मेण लावू नये, झळाळी जाते. लच्छीच्या सहा पदरांतले दोन हवे असतील तर ते एकेक करून वेगळे काढायचे आणि मग पुन्हा एकत्र ठेवायचे. दोन्ही एकदम उपसले तर ते एकमेकांना पिळा घालूनच बाहेर येतात, आणि भरलेली पाकळी गुळगुळीत न दिसता दोरीसारखी दिसते. मधल्या बोटात अंगुस्तान, आणि कापडाखालच्या हाताचं बोट सुईचं टोक टोचल्याचं कळण्यापुरतं उघडं. सुई उभी शिरली पाहिजे. तिरपी शिरली की वर टाका सुबक दिसतो, पण सर्वांत खालच्या थराला तो लागलेलाच नसतो.

वर्षातले काही आठवडे या कामासाठी प्रवासात जातात, आणि त्यात डोळा सुधारतो तो मुख्यतः उलट बाजू पाहून. रात्री वडोदऱ्याहून गाडीत बसलं की सकाळी भूज. १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ यांनी धाणेटी गावात आहिर बायकांकडून साड्या भरून घेतल्या आणि त्यातून 'श्रुजन' ही संस्था उभी राहिली. त्याच कामाचं संग्रहालय आता अजरखपूरला आहे. तिथे सुफ भरत पाहावं. १९७१ च्या युद्धानंतर सिंधहून आलेल्या सोढा कुटुंबांनी आणलेली ही तऱ्हा. त्रिकोणांची नक्षी, आखणी अजिबात नाही, आणि टाका घालायचा तो कापडाच्या मागून, धागे मोजत. बाईला समोर दिसते ती उलट बाजू. सुलट बाजू तिच्या डोक्यात. मोजणीत एक धागा चुकला तर त्रिकोणाचं टोक शेजारच्या टोकाला भेटत नाही, आणि तो चुकलेला धागा पुढच्या प्रत्येक आकृतीत फिरत राहतो. म्हणून सुफला लागतं असं कापड, ज्याचे उभे-आडवे धागे सारखेच जाड असतील. आपल्याकडून घाईने नेलेलं मलमल तिथे कामाचं नाही, त्यात मोजायला काही सापडतच नाही.

आभल्याचंही तसंच. आरसा कापडावर ठेवून आधी चार दोरे चौकोनात, मग त्यावर चार तिरके, आणि या जाळीला पकडत कडेने टाक्यांचं कडं. नवशिकी पहिले दोरे आरशाच्या कडेला घालते, कारण तिथे ते नीट बसल्यासारखे वाटतात. पण कड्याचा प्रत्येक टाका त्या दोऱ्यांना बाहेर खेचतो. ते आधीच कडेला असतील तर आरशावरून घसरतात आणि आभला सुटतो. दोरे मध्याच्या बरेच जवळ हवेत, म्हणजे ओढून ओढून ते योग्य जागी येतात. कच्च्या कापलेल्या आरशाची कड दगडावर घासून घ्यायची, नाहीतर तीच सुरीचं काम करते. उन्हाळ्यात, लग्नसराईत ऑर्डर देऊ नये, हेही तिकडे गेल्यावरच उमगतं. घरच्या मुलीचा आणा, म्हणजे लग्नात बरोबर द्यायचं भरतकाम, आधी, आपल्या कुशनची खोळ नंतर, आणि ते बरोबरच आहे.

जवळ भरूच आहे, तिथली सुजनी या सगळ्याला बगल देते. ती हातमागावर दुहेरी कापडाने विणतात, आणि विणता विणताच चौकटींच्या खिशांत कापूस भरतात. रजई तयार, एकही टाका नाही. दुसऱ्या टोकाला आपल्या वडोदऱ्याचा मोत्यांचा गालिचा. खंडेराव महाराजांनी १८६० च्या दशकात बसऱ्याच्या बारीक मोत्यांनी भरवून घेतलेला. मदिनेला अर्पण करायचा होता, असं म्हणतात. महाराज वारले आणि तो इथेच राहिला. पुढे महाराणी सीतादेवींबरोबर युरोपात गेला, २००९ मध्ये दोह्याला सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. वडोदऱ्याच्या लोकांना त्याचं भारी कौतुक. मला कुतूहल वाटतं ते मोत्यांमागच्या दोऱ्याचं. लाखो मोती, प्रत्येकाच्या भोकातून गेलेला दोरा, आणि त्याच्यावर कुणी कधी झोपलेलं नाही.

आता येतो गोधडीच्या टाक्यांचा हिशेब. ६० बाय ९० च्या गोधडीवर इंच-इंच अंतरावर उभ्या ओळी घातल्या तर साठेक ओळी होतात. एकूण ५४०० इंच, म्हणजे १३७ मीटर. इंचाला पाच टाके धरले तर २७,०००. दोरा आत-बाहेर जात असल्यामुळे पाव ते तृतीयांश जास्त लागतो, १८० मीटरच्या आसपास. सरावाचा हात तासाला शंभर ते दीडशे इंच जातो, म्हणजे नुसत्या टाक्यांचे ३६ ते ५४ तास. फॉल उसवणं, धुणं, कापणं, २१६ तुकडे जोडणं, कच्चे टाके, कडेची गोट हे धरलेलं नाही. घरचं सगळं आवरून बाईला दिवसाला तीन तास मिळाले तर पंधरवडा सहज जातो. प्रदर्शनात किंमत ऐकून "जुन्याच तर साड्या ना?" असं विचारणाऱ्यांना हे गणित सांगून बघावं. ऐकतात, मान डोलावतात आणि अर्ध्या किमतीत मागतात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, कारण त्यांच्या आजीने हे ३६ तास कधी कुणाच्या खात्यावर लिहिले नव्हते. गोधडी फुकट असते, या समजुतीवर आपण सगळेच वाढलो.

आणि आता बाजाराला उलट वारं लागलंय. मोठ्या शहरांतल्या दुकानांकडून येणाऱ्या ऑर्डरीत हल्ली एक ओळ हटकून असते: टाके थोडे अनियमित ठेवा, हाताचं वाटलं पाहिजे. ही ओळ शिवणाऱ्या बायकांना समजावून सांगताना जीभ अडखळते. वाडी भागातल्या एका मावशींचा टाका इतका एकसारखा आहे की लोक मशीनची टीप समजून पुढे जातात. त्यांना सांगायचं काय? "मावशी, जरा वाकडं घाला"? त्यांनी विचारलंच, "म्हणजे किती वाकडं? दर किती टाक्यांनी?" प्रश्न अगदी रास्त आहे. सांगून घातलेला वाकडा टाका मोजूनच घालावा लागतो, आणि मोजून घातला की तो ठरावीक अंतराने पुन्हा येतो. मंगळबाजारातल्या ब्लँकेटवर संगणकाने जे केलं तेच आपण दिवसाला तीन तास मिळवणाऱ्या बाईच्या हातून महाग करून घेतो. हे काम मी घेते का? घेते. महिन्याची मजुरी त्यावर निघते. पण त्या ब्लँकेटवाल्याला हसण्याचा हक्क त्यामुळे जरा कमी होतो.

वाकडेपणा खरा हवा असेल तर त्याची कारणं ठेवावीत, एवढी पळवाट निघते. ओळी पट्टीने आखून देऊ नयेत. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने तर नकोच, चुकून इस्त्री फिरली की तो कायमचा बसतो. साडीत पट्टा असेल तर त्याच्या कडेने जायचं, नसेल तर आधीच्या ओळीच्या बोटभर बाजूने. ओळ आपोआप सावकाश वळते. जाड काठ मधे घेतला की टाका तिथे मोठा होतोच. दोऱ्याचा रंग मधेच संपला तर जवळचा दुसरा घ्यायचा. मावशींना हे पटतं, कारण यात चुकायला सांगितलेलं काही नाही, आणि त्यांच्या हातचा टाका तरीही सरळच पडतो. मग दुकानाला तसं कळवायचं. कधी घेतात, कधी माल परत येतो.

आपल्या बाजूने तपासताना सूट द्यायची ती फक्त दिसण्यात. इंचाला पाच ते सात टाके, ओळींत पाऊण ते सव्वा इंच, यात काहीही चालेल. गाठ वर दिसता कामा नये. ती ओढून आतल्या थरात घालायची किंवा गाठीऐवजी दोन उलटे टाके. मशीनमध्ये घालू नका असं कार्ड जोडलं तरी लोक घालतात, तेव्हा गोटीला दुहेरी कापड आणि कोपऱ्यांना जादा टाके. गोट आधी विरते ती हनुवटीकडची, दुसरी लावता येईल अशीच ती शिवायची. शेवटी गोधडी उलटी करून तळहात फिरवायचा. सैल किंवा लांब टाका असेल तर पायाचा अंगठा त्यात अडकतो, रात्री कूस बदलताना दोरा तुटतो आणि ओळच्या ओळ उसवते. आम्हाला येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात वरची. म्हणून पायाकडचा हात-दीड हात बारीक टाक्यांनी घालायला सांगते, इंचाला सात. डोक्याकडे पाच चालतात.